गच्चीवरचं अस्वल

नगरपालिकेचा तपासनीस स्केंदर जिना चढू लागला तशी लिरियेनं कॉफी चुलीवर ठेवली. मुलासाठी गच्चीवर विनापरवाना बांधलेली खोली हा मेला पाडून टाकणार, अशी तिला धास्ती होती. सिमेंटची पोती तिनं पलंगाखाली दडवली होती, नव्या भिंतींना काजळी फासली होती.

"नवरा होता तेव्हाची खोली आहे रे," ती म्हणाली.

"असेल, मावशी." कॉफी संपवून त्यानं पेन खिशात घातलं. तिच्या जिवात जीव आला.

जाता जाता त्यानं वर पाहिलं. खोलीवरच्या सळईला कापडी अस्वल लोंबत होतं. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून सरांदा शहरात ते सगळेच टांगतात, पण बांधकाम चालू असेपर्यंतच.

"मावशी, जुन्या खोलीला आता कुणाची दृष्ट लागायची राहिलीय?"