थेंब बुडायला हवा

आमचे हे रक्त द्यायला जायचे त्या दिवशी माझा पाय घरात ठरत नसे. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि हे तिथे बॉयलरवर कामाला होते. सोबतच्या एका कामगाराचा हात यंत्रात सापडला, तेव्हा यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पहिल्यांदा रक्त दिलं. मग चटक लागावी तसे दर तीन-चार महिन्यांनी जायला लागले. इकडे माझ्या चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. एस.टी.तून उतरलेले दिसले की जीव भांड्यात पडे, आणि लगेच रागही येई.

सासूबाई मोशीच्या. पहिल्या वेळी त्यांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पण आपल्या लेकाला लोक नावाजतात म्हटल्यावर त्यांचा नूरच पालटला. गावाहून त्यांनी लोखंडी कढई आणली. तांदुळजा, माठ, चवळी, सगळं तिच्यातच शिजायचं आणि काळंकुट्ट व्हायचं. वर लिंबू पिळायचं. बाजाराच्या दिवशी बकऱ्याचं काळीज. "रगात दिलंय त्यानं," म्हणत त्या यांना पळीवर पळी वाढत. उरलंसुरलं आम्ही सासू-सुना मागाहून भाकरीने पुसून खात असू. त्यात काही वावगं वाटत नसे. सगळ्यांच्याच घरी तसं.

एकदा मी हट्टाने यांच्यासोबत गेले. घरात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं. नर्सबाईंनी यांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. माझं माहेर चाकणचं. बटाट्यावर फवारायचं मोरचूद मी लगेच ओळखलं. थेंब सरळ तळाला गेला.

"बुडाला की रक्त चांगलं," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचंही बघू का?"

मी बोट पुढे केलं. माझा थेंब थोडा खाली गेला, घुटमळला, आणि वर येऊन तरंगत राहिला.

"तुमच्या रक्तात लोह कमी आहे, बाई. तुमचं नाही घेता येणार."

"घ्या! रक्त मी देतोय आणि कमी हिचं झालंय!" हे म्हणाले. सगळे हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या गाडीत मी यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. पाण्याची कळशी आणताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, त्याला मी आजवर माझा आळस समजत होते. मला काही दानशूर व्हायचं नव्हतं. तो थेंब एकदा बुडालेला बघायचा होता, आणि तोही यांच्या देखत.

त्या संध्याकाळी यांचं ताट वाढायच्या आधी मी अर्धी भाजी माझ्या वाटीत काढली. सासूबाई बघतच राहिल्या.

"मलाही रक्त द्यायचंय, आत्याबाई," मी म्हटलं आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी यांच्या शेजारी दुसरा पाट मांडला. मग म्हणाल्या, "बस मग त्याच्यासंगं. मी मागनं खाईन."

पुढचे महिने मी अधाशासारखी खात होते. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून जेवणावरचा चहा सोडला. उठता-बसता आरशापुढे जायची, पापणी खाली ओढून आत लाली दिसते का बघायची. कशात लक्ष लागेना. मधे एकदा जाऊन आले, तर मेला थेंब पुन्हा तरंगला. हे या वेळी हसले नाहीत, त्याचाही मला रागच आला.

त्यानंतरच्या खेपेला तो बुडाला. सरळ, न घुटमळता. बाटली भरेपर्यंत मी छताकडे बघत पडून होते, आणि खरं सांगते, किती तरी दिवसांनी मला स्वस्थ वाटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला पाटावर बसवून यांच्याही आधी वाढलं. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमच्या सुनेनं बी रगात दिलं!" मी पोटभर जेवले. हात धुऊन आले तर त्या चुलीपाशी बसून भाकरीच्या तुकड्याने रिकामी कढई पुसत होत्या. उठताना त्यांनी भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. ती अंधारी माझ्या ओळखीची होती.

"आत्याबाई, तुमच्यापुरती भाजी का नाही काढून ठेवली?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्या हसल्या. "मला कुटं रगात द्यायचंय?"