पाहुण्यांना ठाऊक नसलेलं लिहा

माझ्या धाकट्या भावाचं जमत आलेलं लग्न दुसरीतल्या एका पोरीनं वाचून दाखवून जवळजवळ मोडलं, आणि तिला वाचायला शिकवणारा शिक्षक मीच.

त्याचं असं झालं, की मी नुकताच एक प्रशिक्षण करून आलो होतो. तिथल्या ताईंनी सांगितलं, अक्षराला अक्षर जोडणं म्हणजे वाचन नव्हे, वाचून माणसाला काहीतरी कळलं पाहिजे. मुलांना लिहायला खरं कारण द्या, त्यांच्या बोलीत लिहू द्या, आणि त्यांच्या लिखाणात लाल पेन घालू नका. (जेवणानंतर मला डुलकी लागली होती, त्यामुळं याच्या पुढं काही सांगितलं असेल तर ते मला माहीत नाही.) परत आलो तो पेटूनच! आमच्या वर्गात खुर्चीवर ‘खुर्ची’ आणि कपाटावर ‘कपाट’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्या मी टराटरा काढल्या.

“खुर्ची हाय ते दिसतंयच की,” मी पोरांना म्हणालो. “वाचणाऱ्याला जे ठाऊक न्हाई, ते लिवा.”

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर चिठ्ठी होती: ‘हिचा एक पाय हालतोय. मोठ्या सरांना बसू देऊ नका.’ मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. ते आधी बसले, चिठ्ठी नंतर दिसली. पण खरी गंमत पुढंच. आमच्या वर्गात काजल नावाची पोरगी आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही गावात आजीजवळ. पुस्तकातलं एक वाक्य तिच्या तोंडून कधी सरळ बाहेर आलं नव्हतं. मुख्याध्यापक धूळ झटकत उठत होते आणि काजलनं ती चिठ्ठी एका दमात, न अडखळता वाचली. माझे डोळे भरून आले. (मुख्याध्यापकांचेही आले, पण त्यांना कमरेत लागलं होतं.)

आता घरचं सांगतो. नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे माझ्या या धाकट्या भावाकडं, बापूकडं बघितलं की कळतं. पोरगा निर्व्यसनी, कामाला वाघ, पण स्थळं येत आणि चहा पिऊन जात. आईच्या मते याला एकच कारण होतं: आमच्याकडं सोफा नव्हता. त्यामुळं युसूफ वडगावचे अण्णा, म्हणजे मुलीचे वडील, रविवारी घर बघायला येणार म्हटल्यावर आईनं शेजारच्या पांडूतात्यांचा सोफा मागितला. सोफा आला म्हणून फ्रीज आला. शनिवारी संध्याकाळी दोन्ही ट्रॅक्टरवरून उतरले, तेव्हा ओसरीवर माझी पोरं अभ्यासाला बसलेली होती. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं संध्याकाळी आमच्याकडंच असतात. त्यांनी सोफा उतरवायला हात लावला, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

“पोरांनो, उद्या पाहुणे येनार हायेत. आपल्या घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावा. पाहुण्यांना ठाऊक नसलेलंच लिवायचं, बरं का.”

शिकलेलं घर आहे हे अण्णांना आत पाऊल टाकताच दिसावं, एवढाच माझा हेतू होता. रविवारी सकाळी मी पेढे आणायला केजला गेलो. येऊन बघतो तर घरभर रंगीत चिठ्ठ्या, सरळ ओळीत, कोपऱ्याला फुलं काढलेली. बायको सैपाकघराच्या दारातच उभी.

“काय लिवलंय ते वाचलं का तुमी?”

“न्हाई. मुलांवर विश्वास ठेवायचा असतो.”

“म्या आजून सैपाकातून भाएर आले न्हाई. तुमी तरी वाचा.”

तेवढ्यात गाडी दारात आली आणि वाचायचं राहिलं.

अण्णा भारदस्त गृहस्थ. सोफ्यावर ऐसपैस बसले, खिसे चाचपले आणि म्हणाले, “च्यायला, चष्मा वाटंतल्या ढाब्यावर राहिला वाटतं. सर, ह्या चिठ्ठ्या कशाच्या?”

“मुलांनी लिहिल्यात,” मी छाती फुगवून म्हणालो. “वाचनसमृद्ध वातावरण.”

“मग वाचून दाखवा की एखादी.”

मी पुढं झालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी शिक्षक! ओसरीवर जमलेल्या पोरांतून मी काजलला पुढं केलं.

काजल सोफ्याजवळ गेली. अण्णांच्या खांद्यामागची चिठ्ठी तिनं नीट बघितली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं: “हा सोफा पांडूतात्याचा हाय. काल ट्रॅक्टरवर आला. वरची चादर काढू नका, खाली फाटलाय. उद्या परत जानार हाय.”

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. बापू जमिनीकडं बघायला लागला. आणि मी? खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं हेच आलं, की पोरगी प्रत्येक पूर्णविरामाला थांबली.

“आस्सं,” अण्णा म्हणाले. “आन् त्या फ्रीजवर काय हाय?”

“काजल, बास झालं आता,” मी म्हणालो.

“वाचू द्या की सर, लई छान वाचती.”

“हा फ्रीजबी पांडूतात्याचा हाय. वायर लावलेली न्हाई. आत काईच न्हाई, म्हणून उघडू नका.” मग आपण होऊनच ती टीव्हीकडं वळली. “हा टीव्ही सरांचा सोताचा हाय. म्हणून बारका हाय.”

अण्णांच्या मिश्या हलायला लागल्या. रागानं की कशानं, कळेना. आई मला खुणेनं पोरीला आवरायला सांगत होती. पण पोरीला वाचनाची गोडी लागली होती, आणि लागलेली गोडी मोडायची नाही हेही प्रशिक्षणात सांगितलं होतं. ती कोपऱ्यातल्या नव्या पडद्यापाशी पोचली.

“ह्या पडद्यामागं घरातलं खरं सामान हाय.”

आता संपलं, असं मला वाटलं. हे स्थळ गेलं, आणि ही गोष्ट केजच्या बाजारात पोचली की पुढची स्थळंही गेली. बापूचा चेहरा बघवत नव्हता. तो मुकाट्यानं उठला आणि निरोपाचा नमस्कार करायला अण्णांच्या पायाशी वाकला. तेव्हा सगळ्यांना दिसलं, की पोरांनी त्याच्या पाठीवरही एक चिठ्ठी चिकटवली होती.

“ह्याच्यावरबी हाय की,” अण्णा म्हणाले. “वाच गं बाई.”

काजल या वेळी हळू वाचायला लागली. “हे बापूकाका. यांचं लगीन जमंना. माझ्या आजीला ताप आलता, तवा यांनी रातच्याला गाडीवर दवाखान्यात नेलं. कुनाला सांगितलं न्हाई. मी रडत होते तर मला हुरडा भाजून दिला. हे उसने आनलेले न्हाईत.”

बापू वाकलेलाच होता. तो उठेना, कारण डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं. दवाखान्याचं आम्हाला घरातही कुणाला माहीत नव्हतं.

अण्णांनीच त्याला खांद्याला धरून उठवलं. “आवो, आजवर लई घरं बघितली म्या,” ते आईला म्हणाले. “सगळीकडं उसना सोफा आस्तो. कुनी लिवून ठिवत न्हाई, एवढंच. सोफ्याचं काय घिऊन बसलाव? पोरगं घरचं हाय ना? मग पेढं काढा.”

आईनं पेढ्यांबरोबर हुंदकाही काढला. बायको सैपाकातून बाहेर येऊन काजलला मिठी मारून गेली. मीही जरा सावरलो, आणि हे सगळं माझ्या अध्यापनपद्धतीचं यश कसं आहे ते अण्णांना समजावून सांगायला बसलो. बराच वेळ सांगत होतो. शेवटी अण्णांनी हळूच काजलला विचारलं, “आन् सरांची चिठ्ठी कुठाय गं?”

तिनं फ्रॉकच्या खिशातून घडी काढली. “ही लावायची राहिली.” आणि तिनं वाचली, तीही न अडखळता: “हे आमचे सर. लई चांगले हायेत पन लई बोलतात. ते भाएर गेले की आमी वाचतो.”

बापूचं लग्न थाटात झालं. पंगतीत अण्णा प्रत्येक पाहुण्याला माझी ओळख त्याच शब्दांत करून देत होते. मी मात्र ते मनावर घेतलं. हल्ली पोरांना काहीतरी लिहायला-वाचायला दिलं की मी व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. परवा मुख्याध्यापक कंबर धरून तिथूनच चालले होते. त्यांनी विचारलं, “काय सर, भाएर कावून उभे?”

“शिकवतोय,” मी म्हणालो.