काळ्या दगडाचं घड्याळ

माझ्या लग्नात माझ्या मामाचं डोकं फुटलं.

फोडलं माझ्या सासऱ्यांनी. मांडवाच्याच बांबूने.

आज मामाचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटो टाकून दोन ओळी लिहिते. या वेळी सगळं लिहिणार आहे. सासरचे वाचतील. वाचू देत.

मामा भातसानगरला धरणावर नोकरीला होता. लग्न केलं नाही. दारू नाही, तंबाखू नाही. नाद एकच, घड्याळं.

तीसुद्धा साधी नाहीत. लिमिटेड एडिशन. कंपनीने मोजकीच काढलेली, मागे नंबर कोरलेली. त्यातही डायल पत्र्याची असेल तर हा हात लावायचा नाही. एकाची डायल शिंपल्याची, एकाची लाकडाची, एकाची निळ्या दगडाची. मुंबईच्या जुन्या बाजारातून, दुबईहून सुट्टीवर येणाऱ्यांकडून, कुठून कुठून मिळवायचा.

आई चिडायची. "लोकं जमिनी घेतात, ह्यो काटे गोळा करतो."

मामा ती घड्याळं घालायचा नाही. बाजूची चावी बाहेर ओढून ठेवायचा. काटे थांबतात, सेल वाचतो. त्याच्या कपाटात सगळी घड्याळं अशी झोपलेली असायची.

तिथेच घात झाला.

माझं लग्न मुरबाडकडे ठरलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्यात मुलीकडून नवरदेवाला घड्याळ-अंगठी देतात. मामाने बैठकीतच सांगून टाकलं, "अंगठीचं तुमी बघा. घड्याळ माझं."

सगळ्यांना वाटलं, सोनेरी पट्ट्याचं आणेल.

त्याने आणलं स्वतःचं सगळ्यात लाडकं. काळ्या दगडाची पातळ चकती कापून केलेली डायल. आकडा एकही नाही. खोल विहिरीत वाकून बघावं तसं काळं.

खर्डीजवळ आमच्या अंगणात मांडव होता. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्यांसमोर डबी उघडली.

"ह्याचे आकडे कुठं गेले?"

"आकडे नसतात. दगडाची डायल हाय ती. एकासारखी दुसरी नाय." मामा अगदी कौतुकाने सांगत होता.

"दगड? आमच्या पोराला दगड देता? नि लग्नात काळं?"

मग त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

बंद.

मामा चावी आत दाबायला विसरला होता. घड्याळं थांबवून ठेवायचीच सवय त्याची.

"बंद घड्याळ! माझ्या पोराचं वाईट चिंतता काय रे?"

आबांनी ते ओट्याच्या पायरीवर आपटलं.

ज्या मामाने जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती, त्याने आबांची गचांडी धरली. आणि मग दोन्हीकडच्यांनी हात धुऊन घेतले. माझ्या भावाने पातेल्याच्या झाकणाने नवऱ्याच्या चुलतभावाचे दात पाडले. आचारी झारा घेऊन मधे घुसला, तो कुणाच्या बाजूने होता ते आजही माहीत नाही. बायकांनी बायकांच्या झिंज्या उपटल्या. मांडव एका बाजूने खाली आला.

मी पिवळ्या साडीत दारात उभी होते. आबांनी बांबू उपसला आणि मामाच्या डाव्या कानशिलावर घातला.

तो आवाज मी विसरलेले नाही. अक्षतांच्या ताटात रक्त उडालं.

बांबू दुसऱ्यांदा वर गेला, तेव्हा विलास, माझा होणारा नवरा, मुंडावळ्यांसकट मामाच्या अंगावर आडवा पडला. तो फटका त्याच्या पाठीवर बसला. पोटच्या पोराला लागलं तेव्हा कुठे आबांचा हात थांबला.

मामा रांगत गेला, पायरीखालून घड्याळ उचललं आणि डोक्याला टॉवेल दाबून माझ्याकडे आला. तोवर मोठी माणसं "झालं गेलं विसरा, मुहूर्त टळतोय" करायला लागली होती. मला कुणी विचारलं नाही. विचारलं फक्त मामाने.

"सांग गो बाय. नको असंल तर वरात माघारी धाडतो. मी बघतो काय ते."

मी विचारलं, "तो तुझ्यावर आडवा पडला ना?"

"पडला."

"मग लागू दे लग्न."

मामाने चावी आत दाबली. काटा चालायला लागला. डायलला मधोमध तडा गेला होता. तसंच ते त्याने विलासच्या मनगटावर बांधलं आणि माझा हात धरून मला बोहल्यावर नेलं. खांद्यावर रक्त ओघळत होतं. मामाचं काम मामानेच करायचं असतं.

त्याचा डावा कान कायमचा गेला.

आबांनी त्याला आमच्या घराची पायरी बंद केली. मग दिवाळीत आम्ही भेटायचो मुरबाडच्या एसटी स्टँडवर, बाकावर. मी कायम त्याच्या उजव्या बाजूला बसायचे. तो विलासचं मनगट ओढून घड्याळ उजव्या कानाला लावायचा.

एकदा मी म्हटलं, "मामा, तुझं एवढं भारी घड्याळ, तडा गेला रे."

तर हसला. "अगो, कंपनीने बरीच काढली होती. असा तडा गेलेलं एकच हाय. आता खरी लिमिटेड एडिशन."

आबांबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही कधी. मी बोलायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, इथे जळलं त्याचं आणि तळतळाट माझा.

काही वर्षांनी मामा हार्ट अटॅकने गेला. भातसानगरच्या क्वार्टरसमोर तिरडी बांधून झाली होती, आणि आबा आले. न बोलावता. माझ्या भावाच्या मुठी वळल्या.

आबा गुडघ्यावर बसले. मामाच्या डाव्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "चुकलो रे दादा."

मला राहवलं नाही.

"आबा, त्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. तो तुमीच फोडलाय. उजवीकडून सांगा."

म्हातारा माणूस. हात टेकून उठले, तिरडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, पुन्हा खाली बसले.

आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

मामा, तडा आहे तसाच आहे. घड्याळ चालू आहे.
येते रे.