बारा माणसांचा तंबू

"उभ्यान काय कळता? निजान बघूक होया," असं म्हणून काकी खरोखरच आडव्या व्हायच्या. बाजारात चटई घ्यायची असो की मुलाच्या लग्नात पलंग, पसंतीची त्यांची ही एकच रीत. थोरल्या मुलीचं, शैलाचं, स्थळ बघायला गेल्या तेव्हा त्यांनी मुलगा बघितला, विहीर बघितली आणि मग व्याह्यांच्या पडवीत सगळ्यांदेखत पदर सावरून त्या आडव्या झाल्या. त्या माणसांना वाटलं, बाईंना घेरी आली. कोणी पाणी आणायला धावलं, कोणी कांदा फोडला. काकी शांतपणे उठून बसल्या आणि म्हणाल्या, "वारो बरो येता. चेडू देवक हरकत नाय."

त्या पडवीत शैला फार तर महिनाभर झोपली असेल. नवऱ्याची नोकरी ठाण्याला होती. ठाण्याची खोली आपण निजून बघितली नाही, ही हळहळ काकींना पुढे कायम राहिली.

तुम्ही मे महिन्यात तोंडवलीला आला असाल, तर त्यांना नक्की पाहिलं असेल. सुरूच्या बनाकडे वळण्याआधी डाव्या हाताला चिऱ्यांचं घर, दारात फलक आणि पायरीवर कोकमाची सोलं वाळत घालणारी एक ठेंगणी बाई. तुम्ही फोटोही काढला असेल, बरेच जण काढतात. कदाचित तुम्ही त्यांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर झोपलाही असाल. त्या दिवसांत त्या स्वतः कुठे झोपत होत्या, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितलं नसणार.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक दगडी गडगा आहे, कमरेएवढा. त्या गडग्यावरून काकी मला हाक मारायच्या, "झिला, रे झिला!" माझं गावात कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. लोकांची विजेची बिलं भरतो, सातबारा काढून देतो आणि होमस्टेवाल्यांच्या जाहिराती इंटरनेटवर चढवतो. काकींच्या मुलाने, बाबलने, घराचा होमस्टे केला तेव्हा त्याच्या फलकावरचा मजकूर मीच लिहिला होता : 'अस्सल मालवणी घरगुती वातावरण'. मजकूर खोटा नव्हता. फक्त ते घरगुती वातावरण सीझनमध्ये घरच्या माणसांना मिळत नसे. पाहुणे आले की घरातली सगळी मागच्या मांगरात जायची. तिथे पूर्वी पेंढा आणि नारळ ठेवत. आता पेंढा, नारळ आणि काकी.

काकींची त्याबद्दल तक्रार नव्हती. मांगरात त्यांनी निजून बघितलं होतं. तक्रार होती ती मुलींच्या बाबतीत.

काकींना तीन मुली. शैला ठाण्याला, मधली बेळगावला, धाकटी कुडाळला. मे महिना लागला की तिघी पोराबाळांसह माहेरी यायच्या. फणस फुटायचे, आंब्याची साठं उन्हात पडायची, आणि गडग्याच्या अलीकडे मला दुपारची झोप लागायची नाही इतक्या त्या हसायच्या. होमस्टे झाला आणि माहेरपणाचा महिना हाच धंद्याचा महिना ठरला. पहिल्या वर्षी तिघी मांगरात राहिल्या. पोरांना घामोळ्या आल्या, मधलीच्या अंगावर नारळ घरंगळला. दुसऱ्या वर्षी शैलाचा फोन आला, "आई, यंदा मेमध्ये नको. पावसात बघू." पावसात पोरांच्या शाळा. म्हणजे बघू याचा अर्थ बघू नये, हे काकींना न सांगता कळलं.

"मे म्हयन्यात चेडवां घराक येवची नायत," त्या गडग्याशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "तर मगे ह्या घराचा करूचा काय?" बोलताना त्या घराकडे बघतही नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार, चारही खोल्यांचं बुकिंग मीच घेऊन दिलेलं होतं.

बाबल काही वाईट मुलगा नव्हे. सीझन दीड महिन्याचा, नंतर समुद्र आणि रस्ता दोन्ही ओस. तो म्हणायचा, "एक खोली मोकळी ठेवतंय, आये." आणि खरंच ठेवायचा. मग कोणीतरी रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून फोन करायचं, सोबत लहान मूल असायचं, आणि बाबलला नाही म्हणवायचं नाही.

अशात एकदा कोल्हापूरकडचे काही तरुण आले. खोली मिळाली नाही म्हणून त्यांनी परवानगी घेऊन मागच्या आगरात, माडांखाली, एक छोटा तंबू उभारला आणि पोहायला गेले. काकींनी त्याला दोन फेऱ्या घातल्या, चेन उघडली आणि आत जाऊन निजल्या. पोरं परत आली तर तंबूतून दोन म्हाताऱ्या टाचा बाहेर आलेल्या. ती घाबरली. काकी बाहेर आल्या त्या चेहराभर उजेड घेऊन. सरळ गडग्यापाशी. "झिला, तुझ्या फोनात ह्यां मिळता? पण मोठ्यातला मोठां होया. तीन चेडवां, पाच नातवंडां."

तंबू पसंत करायला आम्हाला एक पूर्ण हिवाळा लागला. तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? फोनवर चित्र बघायचं, बोट लावायचं. तसं मलाही वाटलं होतं. पण मोठ्या तंबूंना आत कापडाचे पडदे असतात, दोन खोल्या, तीन खोल्या. ते काकींनी पाहताक्षणी नाकारले. "भिंती नको माका. भिंती घराक आसत." मग म्हणाल्या, दक्षिणेला दार नको. मी म्हटलं, काकी, तंबूचं दार आपण फिरवू तिकडे. घर विकत घेतल्यावर त्याचं दार कुठल्या दिशेला करायचं ते ठरवता येतं, हे त्यांना इतकं पटलं की तो आठवडा त्या भेटेल त्याला हेच सांगत होत्या.

नंतर मी आठ माणसांचा म्हणून एक तंबू दाखवला. त्यांनी लांबी-रुंदी विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी हाक आली म्हणून गेलो, तर खळ्यात रांगोळीने भला मोठा चौकोन काढलेला आणि वाडीतल्या पाच बायका त्यात आडव्या. "तू शैला," काकी मला म्हणाल्या, "निज." मी चष्मा काढून निजलो. सहाव्या माणसाचा, म्हणजे माझा, पाय रांगोळीबाहेर गेला तेव्हा काकींनी निकाल दिला.

"कंपनीन माणसां मोजल्यानी काय काठये?"

"काकी, बसतात आठ माणसं. अंगाला अंग लावून."

"चेडू म्हायेराक इल्यार निजना नाय रे. बोलता. बोलूक कुशीर वळूचा लागता, उठान बसूचा लागता. तितकी जागा धरल्यानी काय?"

मी फोनवर कंपनीची माहिती पुन्हा वाचली. तंबू बनवणाऱ्यांनी वादळ धरलं होतं, हिमवर्षाव धरला होता. माहेरी आलेल्या तीन बहिणी धरल्या नव्हत्या. बोलण्याची जागा धरल्यावर आठ माणसांच्या तंबूत आमची पाच मावत होती. तेव्हा बारा माणसांचा बघायचा असं ठरलं, आणि तो फोनवर बघून चालणार नव्हता.

कुडाळच्या आठवडा बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. तिथे एका दुकानात गच्चीवर असे तंबू उभारून ठेवलेले असतात. दुकानदार पोरगेलासा, बोलण्यात चटपटीत. त्याने खोक्यावरचं चित्र दाखवलं : गोरंगोमटं कुटुंब तंबूपुढे खुर्च्या टाकून, हातात कप घेऊन हसतंय, मागे बर्फाचे डोंगर. काकींनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"भायर बसलेली आसत बघ," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "आत मावनत नाय म्हणानच ना?"

बारा माणसांच्या तंबूत शिरून त्यांनी आधी हात वर करून साडी नेसण्याचा अभिनय केला. पदर खांद्यावर टाकताना कापडाला हात लागतो का, हे त्यांना बघायचं होतं. शैला उंच.

"आजी, कॅम्पिंगला साड्या नेसत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"मगे काय नेसतत?"

काकी मग आडव्या झाल्या. प्रत्येक मुलीच्या जागेवर, मग नातवंडांच्या, मग बॅगांची जागा हाताने मोजली, टेबलफॅन कुठे बसेल ते ठरवलं. सगळं झाल्यावर बॅगा आणि दार यांच्यामध्ये जे बोटभर उरलं होतं, तिथे अंग चोरून निजल्या.

"ही माजी. माका इतक्यान पुरता."

तंबू घेतला, काजू विकून आलेल्या त्यांच्या स्वतःच्या पैशांनी. एसटीच्या कंडक्टरने त्या गाठोड्याला अर्धं तिकीट मागितलं, तेव्हा काकींनी त्याला सांगितलं की हे सामान नव्हे, हे घर आहे.

त्या मे महिन्यात तिघी आल्या. मागच्या आगरात फणसाच्या सावलीत तंबू उभा राहिला, दार विहिरीकडे. दिवसा त्यात भाजून निघायला व्हायचं, तेव्हा पोरं समुद्रावर आणि बायका झाडाखाली. ऊन उतरलं की खाडीवरून वारा सुटायचा, घरातून वायर ओढून पंखा लावायचा आणि मग ते हसणं सुरू व्हायचं. कित्येक वर्षांनी माझी झोपमोड झाली. मी कूस बदलून ऐकत राहिलो, बरं वाटत होतं.

एसी खोल्यांतल्या पाहुण्यांनाही ते ऐकू जात होतंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पंख्याची वायर बघायला गेलो होतो, तर पुण्याचे एक सज्जन अर्ध्या चड्डीत विहिरीपाशी उभे. बाबलला म्हणत होते, "आम्हाला रूम नको, आम्ही टेंटमध्ये राहतो. मुलांना जरा एक्स्पीरियन्स मिळेल. वाटल्यास जास्त देऊ."

बाबलने आईकडे पाहिलं. खरं तर सौदा वाईट नव्हता, बहिणींना घरातली खोली मिळत होती. "आये, ताई आत निजतली, एसीत. काय वायट आसा?"

"ताई निजतली. बाकीची खंय?"

"बाकीची... मांगरात. दोन दिवसांचो प्रश्न."

काकी आंबे धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तेंका सांग, पावण्यांनी घरात रवाचा. तंबू घरच्या माणसांचो आसा."

पुण्याच्या सज्जनांना ते फार आवडलं. त्यांनी ते परत एकदा म्हणायला सांगून चित्रित करायला फोन पुढे धरला. काकींनी परत म्हटलं नाही. बाबल मात्र हिरमुसून फलक पुसायला लागला. पुढल्या वर्षी त्याने पाहुण्यांसाठी तीन लहान तंबू आणले, त्यांची जाहिरात मीच लिहिली. पण फणसाखालचा तंबू कधी कोणाला मिळाला नाही. बाबल त्या सगळ्या काळात पुढच्या ओट्यावर निजायचा. कोणी पाणी मागितलं, कोणाची लाईट गेली, तर माणूस हाताशी हवा. बहिणी हाका मारायच्या, "बाबल, आत ये रे." तो म्हणायचा, "सीझन सरांदे."

गेल्या वर्षी एप्रिल सरता सरता काकी गेल्या. काजू वेचून आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पडवीत आडव्या झाल्या. सुनेला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी निजून बघतायत.

सुतक लागलं. बाबलने बसल्या जागेवरून फोन करून सगळी बुकिंगं रद्द केली. मुक्कामाला होते ते पाहुणे हळू आवाजात बॅगा भरून निघाले. एकाने मला बाजूला घेऊन, हात जोडून, दुपारी मासे कुठे चांगले मिळतील ते विचारलं. दुपारपर्यंत चारही खोल्या रिकाम्या झाल्या. मे महिन्यात लेकींसाठी घर मोकळं व्हावं, एवढंच काकींना हवं होतं. ते असं झालं.

संध्याकाळपर्यंत तिघी पोचल्या. रडून झालं, स्मशानातून पुरुष परतले. बाबलने एकेक दार उघडलं, एकेक एसी लावला आणि म्हणाला, "ताई, आता सगळे खोल्ये मोकळे आसत. खंय होया थंय निजा."

शैलाने त्या उघड्या दारांकडे पाहिलं.

"आता?" ती म्हणाली. "तंबू खंय ठेवलंस?"

तो माळ्यावरून काढला, आम्ही सगळ्यांनी मिळून उभा केला. दार विहिरीकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पेजेचं भांडं घेऊन गडग्यावरून गेलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. तंबूची चेन उघडी होती. आत तिन्ही मुली आणि पोरं नीट आपापल्या जागेवर, जशी काकींनी कुडाळच्या गच्चीवर निजून ठरवली होती तशी. दाराजवळ, बॅगांच्या बाजूला, बोटभर जागा रिकामी. बाबल बाहेर फणसाच्या मुळावर बसलेला होता. रात्रभर तिथेच असावा.

"भायर कित्याक बसलंस?" शैलाचा आतून आवाज आला. ती जागीच होती. "पावणे गेले सगळे. आत ये. निजान बघ."

बाबल उठला. वाकून आत शिरला आणि आईच्या जागेवर आडवा झाला. तो उंच, आणि जागा काकींच्या मापाची. गुडघ्याखालचे पाय सगळे बाहेर राहिले. त्याने तोंड कापडाकडे वळवलं, पाय आत ओढून बघितले, पण जमेना. त्याचे खांदे हलायला लागले.

मी भांडं त्याच्या पायांशी ठेवलं.

"रवांदेत पाय भायर," शैला म्हणाली. "चेन उघडीच ठेव."