जपानी कीबोर्डची आठवण

"सर, ॲट दाबलं की चौकोनी कंस येतोय. लोकांचे ईमेल कसे टाकू आता?"

अर्चनाताईंचा फोन. लोहाऱ्यात तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. नवरा पुण्याला कंपनीत. मी धाराशिवला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एसटीनं गेलो.

लॅपटॉप सेकंडहँड, सोलापूरहून घेतलेला. कळांवर इंग्रजीच्या शेजारी बारीक जपानी अक्षरं. जपानमध्ये वापरून झालेली मशीन अशी आपल्याकडं येतात. कळेवर काय छापलंय हे कॉम्प्युटरला दिसत नाही. कुठल्या जागची कळ दाबली एवढंच त्याला समजतं. त्या जागी कुठलं चिन्ह, हे सेटिंग ठरवतं. त्याला लेआऊट म्हणतात. इथं कळा जपानी आणि सेटिंग इंग्रजी, म्हणून घोळ. मशीनमध्ये जपानी सेटिंग आधीपासून होतं. मी ते चालू केलं. छापलंय तेच उमटायला लागलं. चहा पिऊन निघालो.

आठवड्यानं परत फोन. या वेळी आवाज दबका.

"सर, हे आपोआप वाक्यं लिहितंय. गिऱ्हाईक आत येईना."

भर दुपारी पोचलो. कागद घेतलेल्या दोन बाया रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभ्या होत्या. दुकानात अर्चनाताई आणि त्यांचे सासरे, आप्पा. सुनेचं दुकान त्यांना पहिल्यापासून नको होतं.

"साहेब, ह्या खोक्यात काय हाय ते खरं सांगा," आप्पा म्हणाले. "न्हायतर उद्यापास्नं शटर खाली."

अर्चनाताईंनी कोपऱ्यातली एक कळ दाबली. ही कळ इंग्रजीवरून जपानीवर नेते. चुकून बोट लागलं की झालं. मग त्यांनी एच दाबलं. एकच अक्षर. त्याच्याखाली अख्खी जपानी ओळ उघडली.

मी मोबाइलचा कॅमेरा धरला. भाषांतर आलं.

'उत्तर द्या.'

"एच दाबलं की हेच येतंय," त्या म्हणाल्या. "आता एम बघा."

'खिडकीबाहेर कोणीतरी आहे.'

आम्ही तिघांनीही मागच्या खिडकीकडं पाहिलं. बाहेर ऊन होतं. बाकी कुणी नव्हतं. तरी आप्पा उठले आणि खिडकी लावून आले.

मी समजावलं. भूत नाही. मोबाइल जसा पुढचा शब्द सुचवतो, तसं हे. माणूस जे वारंवार लिहितो ते मशीन लक्षात ठेवतं. हे आधीच्या मालकाचं लिहिणं.

"वारंवार म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"एकदाच लिहिलेलं सहसा इतकं वर येत नाही. पुन्हा पुन्हा लिहिलं असणार."

समजावून धीर येईल असं मला वाटलं होतं. उलट आप्पांनी खुर्ची लॅपटॉपपासून लांब सरकवली.

अर्चनाताईंनी के दाबलं.

'येऊ नका.'

"आधी उत्तर द्या म्हणतोय, मग येऊ नका?" त्या म्हणाल्या. "का आधी येऊ नका होतं?"

ते मशीन सांगत नाही. कुणाला लिहिलं तेही नाही. एकाच माणसानं लिहिलं की दोघांनी, हेही कळायला मार्ग नव्हता. खिडकीच्या आत बसून लिहिणारा कोण आणि बाहेरचा कोण?

मी विक्रेत्याला फोन लावला.

"फॉरमॅट करून दिलंय ना?"

"सर, लॉटमध्ये माल येतो. आम्ही वरून इंग्रजी लावून देतो."

फोन ठेवला. म्हणजे आतलं जुनं कधी पुसलंच नव्हतं. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून मशीन नव्यानं भरणं. अर्चनाताईंची परवानगी लागणार होती. त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"पुसलं तर ह्या माणसाचं कुठंच काही राहणार न्हाई ना, सर?"

"आपल्याकडं तरी नाही."

आप्पा हळूच म्हणाले, "पोरी, कुणाचा तरी जीव आडकलाय त्यात. आपून ठिऊन घेऊन काय करणार? सोडून दे."

"करा," त्या म्हणाल्या.

दुकानाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मशीन पुसलं. नवीन भरताना फक्त इंग्रजी ठेवलं. जपानी टाकलंच नाही. चिन्हं परत चुकणार होती, म्हणून कळांवर छोटे स्टिकर चिकटवले. दोन-तीन कळा कुठल्याच कामाच्या नाहीत, त्या कोऱ्या ठेवल्या. मग एच दाबलं. एच उमटलं. खाली काही उघडलं नाही. आम्ही तरी थोडं थांबलो.

लिंबाखालच्या बायांना आप्पांनीच हाक मारली. त्यांच्यादेखत अर्चनाताईंनी एकीचा फॉर्म भरला. आता आप्पा रोज दुपारी दुकानात बसतात, म्हणे सूनबाईला सोबत म्हणून. खिडकी मात्र लावलेलीच असते.

जुनं मशीन घेताना विक्रेता म्हणेल, इंग्रजी करून दिलंय. तेव्हा एवढंच विचारा: पुसून केलंय, का वरून?