कातळावरची ऐंशी सेंटिमीटर माती

"मॅडम, हा नमुना रत्नागिरीचा आहे की सोलापूरचा?"

साहेबांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. पीएचच्या आकड्याखाली त्यांनी लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. पीएच म्हणजे माती किती आंबट आहे त्याचं माप. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट. आमच्याकडच्या जांभ्यावरच्या मातीचा पीएच साडेपाचच्या आसपास येतो. सव्वीस वर्षं मी माती तपासत होते, तो आकडा माझ्या जिभेवर होता. या नमुन्याचा आला होता सात पूर्णांक सहा. वर कॅल्शियम भरपूर, फॉस्फरसही भरपूर.

"रत्नागिरीचाच आहे," मी म्हटलं. "जयगडच्या अलीकडच्या सड्यावरचा."

"मग लॅबमध्ये डबे बदलले असतील."

माझ्या लॅबमध्ये डबे बदलत नाहीत. हे मी त्यांना जरा जोरातच सांगितलं. माझा स्वभाव तसाच आहे, आणि सव्वीस वर्षांत कोणाला तो बदलता आला नाही.

प्रकरण संगीता नावाच्या एका बाईचं होतं. ती पंधरा दिवसांपूर्वी आइस्क्रीमच्या डब्यात माती भरून आमच्या ऑफिसात आली होती. तिला आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी काढायची होती. परवान्याचा अर्ज परत आला होता, कारण आमच्या नकाशात तिचा सगळा सडा 'कातळ, लागवडीस अयोग्य' म्हणून रंगवलेला. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. तिथे बहुतेक उघडा दगडच असतो. नर्सरीत ज्या झाडांच्या काड्या कलमाला घ्यायच्या त्यांची बाग लागते, आणि त्या बागेला निदान अर्धा मीटर माती हवी असा नियम.

"नकाशा चुकलाय मॅडम," ती म्हणाली.

प्रत्येकाचा नकाशा चुकलेलाच असतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती पुढे बोलली. नवरा, महेश, अकरा वर्षं मुंबईत एका पॅकिंग कंपनीत. गणपतीला आणि शिमग्याला येतो. आता कंपनीनं नवीन करारावर सही मागितली होती, तीन वर्षांच्या. परवाना मिळाला तर तो सही न करता कायमचा गावी येणार. नाही मिळाला तर आणखी तीन वर्षं. हातात महिना होता.

"पोरगी चार वर्षांची आहे. बाबा कुठे विचारलं की मोबाईल दाखवते," संगीता म्हणाली.

मी गाडी मागवली.

तिच्या घरामागे गडग्याच्या आत, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणात, अर्धा एकर जागा होती. बाहेर सगळा काळाकुट्ट कातळ आणि आत हिरवंगार. खड्डा घेतला. दहा सेंटिमीटरवर पहार खणकन वाजेल असं मला वाटलं होतं. चाळीस झाले, साठ झाले, वाजली ती ऐंशीवर. मातीच्या खड्ड्याची उभी भिंत म्हणजे आमच्या धंद्यातलं पुस्तक. पण ते पुस्तक मी त्या दिवशी घाईघाईत चाळलं, नमुने भरले आणि निघाले. खोली पुरेशी आहे, झालं काम, असं वाटलं मला. शहाणी कुठली.

मग लॅबचा रिपोर्ट आला, आणि साहेबांच्या लाल रेघा.

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. ते सोलापूरचे, काळ्या मातीत वाढलेले, पण हुशार माणूस. त्यांनी टेबलावर पावसाचे आकडे ठेवले. "इतका पाऊस पडतो तुमच्याकडे. तीच चहापत्ती दहादा उकळली तर काय उरतं? कॅल्शियम असं धुऊन जायला हवं. इथे ते टिकलं कसं?" मग त्यांनी उंचीचा नकाशा उघडला. "आणि जागा बघा. डोंगराचा माथा. पाणी माती वरून खाली आणतं, खालून वर नाही. वाऱ्याचं म्हणाल तर तो ऐंशी सेंटिमीटर थर एकाच गडग्याच्या आत टाकून जात नाही."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"डंपर. परवान्यासाठी लोक मागच्या महिन्यात माती टाकतात आणि पुढच्या महिन्यात आपल्याला बोलावतात. ही माती कुठून आली आणि कधी आली हे सांगा. मी सही करतो. नाहीतर नाही."

संगीतानं मला फसवलं असेल, हे मनात आलं आणि माझी झोप उडाली. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही, सरळ खड्ड्यात उतरून बसले. आता भिंत नीट वाचली. वरपासून तळापर्यंत एका रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाची मनगटाएवढी मुळं गेलेली. मागच्या महिन्यात टाकलेल्या मातीत अशी मुळं येत नाहीत. चला, संगीता खरी ठरली. मला एकदम हलकं वाटलं. मग किटमधून ॲसिडची बाटली काढली. मातीत चुना असेल तर हे पातळ ॲसिड टाकल्यावर फेस येतो. रत्नागिरीत ही बाटली म्हणजे निव्वळ ओझं, कारण चुना कुठे सापडतच नाही. मी दोन थेंब टाकले आणि माती सोडा-बाटलीसारखी फसफसली. भिंतीत कोळशाचे कण होते, शिंपल्यांचे तुकडे होते, तांदळाएवढे गोगलगायीचे शंख होते. खाली कातळ आणि वर माती, मधे सुरी फिरवावी तशी रेघ. म्हणजे ही माती त्या कातळापासून झालेलीच नव्हती.

कधी आली ते थोडंफार कळलं. कुठून आली ते कळेना. तासभर मी भिंत खरवडत होते.

गडग्यावर संगीताची सासू वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पहिल्या खेपेलाही ती तिथेच होती. मी तिला नमस्कार केला होता, आणि तेवढंच.

"काय हरवलाय गो तुजा त्या खड्ड्यात?" तिनं विचारलं.

"ही माती कुठून आली ते शोधतेय, आजी."

"त्यात काय शोधायचा हाय? आमी आनली."

मी वर बघितलं. "आमी म्हणजे?"

"मी, माजी सासू, तिची सासू. शेजारच्या बाया. सकाळी लाकडाची मोळी घेऊन घाटी उतरायचो, खाली खाडीवर. लाकडं द्यायची नि शिंपल्यातल्या तिसऱ्या, मासळी घ्यायची. ती पदराच्या वट्यात. नि पाटी रिकामी कशाला आनायची? खाडीचा गाळ भरून आनायचा. रिकाम्या पाटीनं वर आलीस तर सासू इचारायची, रस्त्यात सांडलास काय?"

"पण खाडीचा गाळ खारट असतो."

"व्हता ना. म्हनून पयला पावसाळा गडग्याला तसाच रचून ठेवायचा. पावसानं खार धुतला की मग पसरायचा. तिसऱ्यांची कवचं, मासळीचं काटं चुलीत भाजायचं नि राखेसंगती टाकायचं. भाजी गोड व्हते."

मी खड्ड्यातच हसत बसले. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. जो पाऊस कॅल्शियम धुतो म्हणून साहेब अडून बसले होते, त्याच पावसाला या बायांनी मीठ धुवायच्या कामाला लावलं होतं. कॅल्शियम जात होतं तेवढं त्या दर वर्षी चुलीतून परत टाकत होत्या. फॉस्फरस मासळीच्या काट्यांचा आणि राखेचा. सगळे आकडे जागच्या जागी बसले.

"आजी, हे तुम्ही मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलास कदी? तू खड्ड्यालाच इचारीत व्हतीस."

परतताना घाटी उतरून खाडीचा गाळ घेतला. लॅबमध्ये दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवले. बारीक वाळू, पोयटा, चिकण, तिन्हींचं प्रमाण जवळपास सारखं. तेच तांदळाएवढे शंख दोन्हीकडे. साहेबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"खाडीची माती डोंगरावर," ते म्हणाले. "चालत?"

"चालत."

"मला ती पायवाट बघायचीय."

साहेब आले. गाडी मी मुद्दाम खाडीवरच थांबवली. हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन ते घाटी चढायला लागले आणि तीनदा बसले. वर पोचले तेव्हा शर्ट पिळून काढावा असा. संगीतानं कोकम सरबत दिलं. ते पिऊन त्यांनी आजींना विचारलं, "ही घाटी तुम्ही पाटी डोक्यावर घेऊन चढायचात?"

"पाटी डोक्यावर," आजी म्हणाल्या, "नि म्हेश पोटात."

साहेबांनी उठून खड्ड्याच्या काठावरची मूठभर माती घेतली, बोटांत चुरली आणि परत जागेवर टाकली.

पुढची अडचण कॉम्प्युटरची. रिपोर्टमध्ये 'मूळ द्रव्य' असा एक रकाना असतो, म्हणजे ही माती कशापासून झाली. यादीत बेसाल्ट, जांभा, नदीचा गाळ. यांतलंच एक निवडायचं. मी 'माणसांनी वाहून आणलेला गाळ' टाइप केलं, तो घेईना. साहेबांनी माउस माझ्या हातातून घेतला, 'इतर' वर क्लिक केलं आणि म्हणाले, "शेऱ्यात लिहा. सविस्तर."

शेऱ्याचा रकाना दोन ओळींचा. मी संगीताला फोन लावला आणि आजींकडून नावं विचारून घ्यायला सांगितलं. मागून आजी एकेक सांगत होत्या. मी लिहिलं: 'माती वाहून आणणाऱ्या: यमुना, काशी, सरस्वती, गोदा, लक्ष्मी, चंद्रभागा.' चंद्रभागा म्हणजे आजी स्वतः. नियमाप्रमाणे हे चालत नाही. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

परवाना मुदतीच्या पाच दिवस आधी आला. महेशनं कंपनीच्या करारावर सही केली नाही. सगळं सामान घेऊन तो एसटीतून उतरला, त्या दिवशी संगीताचा मला व्हिडिओ कॉल आला. पोरगी फोनकडे बघतच नव्हती. ती बापाच्या खांद्यावर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. माझे डोळे भरले, आणि लॅबमध्ये सगळ्यांनी ते बघितलं. बघू देत.

रिपोर्टची प्रत संगीताच्या घरी भिंतीवर लागली आहे म्हणे. संगीतानं नावं वाचून दाखवली तेव्हा आजी लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पार्वती ऱ्हायली." आणि जरा विचार करून, "जाऊं दे. ती अर्धीच पाटी आनायची."

ऑफिसात नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना पहार, टेप, ॲसिडची बाटली, सगळं शिकवते. पण खड्ड्याला हात लावायच्या आधी त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायचं, असा माझा नियम आहे. या टेस्टला केमिकल लागत नाही.