पुसलेली गावं

बोरिवलीच्या आमच्या घरात कपाटाचा खालचा खण बाबांच्या दगडांचा. कुठे इमारतीचा पाया खणला, नाला रुंद केला, की रविवारी बाबा पिशवी घेऊन तिथे हजर. आदिमानवाने धार काढलेला दगड त्यांना मातीत बरोबर दिसायचा. मला आजही दिसत नाही. घरी आणल्यावर ते दगडाच्या कडेला पांढऱ्या रंगाची टिकली द्यायचे आणि तिच्यावर बारीक अक्षरात जागा लिहायचे. वेगळी नोंद ठेवायचा त्यांना भारी कंटाळा.

गेल्या वर्षी एका संग्रहालयातल्या मॅडम दगड बघायला येणार असं ठरलं. पसंत पडले तर घेऊन जाणार होत्या. बाबांना दुसरं काही नकोच होतं. आपल्यामागे पोरगी हे सगळं डेब्रिजच्या गोणीत भरणार, याची त्यांना खात्री होती. खरं सांगू? मलाही होती.

आदल्या दिवशी बाबा केस कापायला गेले आणि आईने खण रिकामा केला. आम्ही कोकणातली माणसं. पाहुणे यायचे म्हटलं की घरात काही बिनघासलेलं राहत नाही. सोड्याचं गरम पाणी, तारेची घासणी. दगड लखलखीत करून तिने चादरीवर वाळत घातले. टिकल्या निघाल्या त्या तिला दिसल्या, पण त्याचं काय एवढं? "डोळे बांधा, कुठला दगड कुठचा ते सांगतो," ही बाबांची फुशारकी तिने जन्मभर ऐकली होती.

बाबा आले, चादरीपाशी उकिडवे बसले. एकेका दगडाची कड बोटाने चाचपून पाहिली. वाट लागली, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. भल्या होत्या. "काका, हत्यारं अस्सल आहेत. पण कुठे सापडली ते कळल्याशिवाय आम्हाला घेता येत नाहीत. आठवतंय का काही?"

"अहो, सांगा ना काहीतरी," आई कुजबुजली. "तिथे आता टॉवर झालेत. कोण बघायला जातंय?"

बाबांनी एक दगड उलटसुलट करून ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. "नाही सांगता येत," ते म्हणाले. "आणि खोटं मी सांगणार नाही."

मॅडम चहा घेऊन गेल्या. मला दोघांचाही असा राग आला, आणि रडूही. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. दगड पुन्हा खणात ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "स्वच्छ निघालेत गं. किती मेहनत घेतलीस."

टोमणा मारला असता तर आई कडाकडा भांडली असती. पण ते मनापासून म्हणाले, आणि ती तिथेच मटकन खाली बसली.